कुळाची जमीन, ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) नोंद आणि आत्याचं नाव: मदत हवी आहे

नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमची ३ एकर १२ गुंठे जमीन आहे, मूळची कुळाची. १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कूळकायद्यानं कुळांना जमिनीचे खरेदीदार मानलं त्या कृषकदिनी, आजोबा ती कूळ म्हणून कसत होते. पुढे कूळकायद्याच्या कलम ३२ग ची (खरेदी किंमत ठरवण्याची) चौकशी होऊन किंमत ठरली, ती त्यांनी हप्त्यांनी फेडली आणि कलम ३२म चं खरेदीचं सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावावर निघालं.

आजोबा १९८३ ला गेले, आजी त्याआधीच. मागे थोरले काका, माझे वडील आणि आत्या. फेरफाराला नाव लागलं फक्त काकांचं, 'ए.कु.मॅ.' म्हणून. तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. कर्ते तेच, सोसायटीचं कर्जही त्यांच्याच नावावर निघायचं. वडील २०११ ला वारले. आता काकाही गेले आणि चुलतभावांनी वारसनोंदीचा अर्ज दिला तो फक्त स्वतःच्या नावांचा. चावडीवर नोटीस लागल्याचं बांधाशेजारच्यानं सांगितलं म्हणून कळलं. १५ दिवसांच्या आत हरकत देऊन पोच घेतली. नोंद तक्रारी झाली असून मंडळ अधिकाऱ्यांपुढे तीन आठवड्यांनी तारीख आहे.

चुलतभाऊ म्हणतात, जमीन काकांनी कसली, कुळाची जमीन कसणाऱ्याची. आत्याचं तर लग्न १९६८ लाच झालं. मला हे अजिबात पटत नाही. किंमत फेडल्यावर आजोबा कूळ राहिलेच नाहीत, मालक झाले. मग १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस. इथे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीपर्यंत जायचीही गरज नसावी.

आत्या ७९ वर्षांची आहे. पत्र्याच्या पेटीतून सर्टिफिकेट तिनंच शोधून दिलं, घडीवर फाटलेलं, मागून खळ लावून कागदानं जोडलेलं. "मला पीकपाणी नको, बाबांच्या खाली माझं नाव लागू दे," एवढंच म्हणते. हे कळल्यापासून चुलतभाऊ तिच्याकडे हक्कसोडपत्र घेऊन दोनदा जाऊन आलेत. तिनं सही करू नये म्हणून मी रोज फोन करतो.

जाणकारांनी कृपया सांगा: मंडळ अधिकारी १९८३ चा फेरफार दुरुस्त करू शकतात का, की त्यासाठी विलंबमाफीच्या अर्जासह प्रांतांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपीलच करावं लागेल? दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आताच लावावा का, आणि त्यात आत्याला वादी करावं का? सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या कलम ४३ चा (परवानगीशिवाय हस्तांतर, वाटप नको असा) शेरा अजून आहे, त्याचा वाटपाला अडथळा येतो का?

१९८३ चा फेरफार, ६क पत्रक (वारस नोंदवही) आणि जुन्या सातबाऱ्याच्या नकला काढल्या आहेत. तारखेआधी आणखी कुठला कागद मिळवून ठेवू?