ऑन्टारिओ: मानसिक ताणाचा दावा नाकारला, अपिलात बाजू नीट ऐकली जावी म्हणून काय करावं?

मिसिसागावाला
गोदामातल्या एका बाईंचा सततच्या मानसिक ताणाचा दावा डब्ल्यूएसआयबीने (कामामुळे झालेल्या इजा-आजारांची भरपाई ठरवणारं ऑन्टारिओचं बोर्ड) नाकारला. पत्रात कारणं दोनच: 'सहकाऱ्यांतला वाद' आणि 'मालकाचे कामकाजाचे निर्णय'. सुपरवायझरच्या रोजच्या शिवीगाळीबद्दल एक ओळ नाही, साक्षीदारांना विचारलेलं नाही. अपिलात हे मांडता येतं का? मुदत किती?

ब्रॅम्प्टनकर
आधी मुदत सांभाळा. निर्णयापासून ६ महिन्यांत बोर्डाकडे लेखी हरकत. पण त्यात कामावर परतण्याविषयीचाही निर्णय असेल, तर त्या भागाला फक्त ३० दिवस. लोक नेमके इथेच चुकतात.

मग दाव्याच्या फाइलची पूर्ण प्रत मागवा. केस मॅनेजरने फोनवरच्या बोलण्याची काय नोंद केली, मालकाने काय कळवलं, बोर्डाच्या वैद्यकीय सल्लागाराचं मत आहे का, ते तपासा. निर्णय ज्या कागदावर उभा आहे तो बाईंना उत्तर द्यायला मिळालाच नसेल, तर पान क्रमांक देऊन लिहा. नुसतं 'अन्याय झाला' लिहून काहीही हलत नाही.

कलम१३
खरी लढाई व्याख्येची आहे. शिस्तभंगाची कारवाई, पाळी बदलणं, कामावरून काढणं यांतून आलेला ताण कायद्यानेच वगळला आहे. शिवीगाळ मात्र त्यात बसत नाही. साधा वाद बोर्डाच्या धोरणाला पुरत नाही, तो छळापर्यंत गेलेला दिसला पाहिजे. म्हणून तारीख, शब्द, कोण हजर होतं, तक्रार कुणाकडे केली, असा तक्ता करा.

डॉक्टरांच्या 'कामामुळे ताण आहे' या एका ओळीने भागत नाही. डीएसएमनुसार (मानसिक विकारांच्या निदानाचं प्रमाण पुस्तक) निदान हवं, आणि काम हेच 'प्रमुख कारण' का, हेही. प्रमुख म्हणजे इतर प्रत्येक कारणाशी एकेक करून तुलना केली तर मोठं. बाकी सगळी मिळून जास्त भरली तरी चालतं. घरातलं आजारपण, कर्ज लपवू नका. डॉक्टरांनीच त्यांचा उल्लेख करून वजन सांगितलेलं बरं, नाहीतर मालकाची बाजू तेच फाइलमधून काढते.

आणि हो, वादातल्या मुद्द्याशी संबंधित वैद्यकीय नोंदी मालकाला मिळू शकतात. त्याआधी कामगाराला कळवतात. तेव्हा गप्प बसू नका, कोणती पानं गैरलागू आहेत आणि का, ते लिहून हरकत घ्या.

मिसिसागावाला
तोंडी सुनावणी मागता येते?

ब्रॅम्प्टनकर
येते, पण कारण द्या. कायद्यात तोंडी, इलेक्ट्रॉनिक आणि लेखी अशा तिन्ही पद्धती आहेत, त्यामुळे तोंडी आपोआप मिळेल असं धरू नका. 'कोण खरं सांगतंय' हा मुद्दा असला की मागणीला जोर येतो. साक्षीदारांची नावं आणि प्रत्येक जण कशाबद्दल सांगेल, हे एकेका वाक्यात जोडा.

बोर्डाच्या अपिलातही नकार आला तर ६ महिन्यांत डब्ल्यूएसआयएटीकडे अपील. हे बोर्डापासून स्वतंत्र न्यायाधिकरण प्रकरण नव्याने पाहतं, त्यामुळे 'खालच्यांनी ऐकलं नाही' यापेक्षा राहून गेलेला पुरावाच आणा. दोन्ही बाजूंचा पुरावा जवळपास सारख्याच वजनाचा ठरला, तर कौल कामगाराला, असं कायदाच सांगतो. मराठी दुभाषा लागणार असेल तर सुनावणीच्या खूप आधी कळवा.

कलम१३
युनियन नसेल तर ऑफिस ऑफ द वर्कर अ‍ॅडव्हायझरकडे विनामूल्य मदत मिळते. आजच फोन करा, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात नको.