१९९९ च्या डॉज रॅम डिझेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी डॉज रॅम २५००, १९९९ ची. ५.९ लिटर कमिन्स डिझेल इंजिन, २४ व्हॉल्व्ह, फोर व्हील ड्राइव्ह, ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन ठणठणीत आहे. गिअरबॉक्सनं मात्र मान टाकलीय. आयुष्यभर ट्रेलर ओढलेत त्यानं, त्यामुळे तक्रार नाही. पण एवढ्यासाठी गाडी मोडीत काढायला जीव होत नाही.

रिव्हर्स टाकला की आधी काहीच होत नाही, मग धक्का देऊन पकडतो. पहिला-दुसरा व्यवस्थित. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम भसकन चढतो आणि मग गिअर लागतो. चढावर मागे ट्रेलर असेल तर लागतच नाही. ऑइल तपकिरी झालंय, जळका वास येतो, आणि डिपस्टिक पुसलेल्या फडक्यावर बारीक काळी पूड राहते. पातळी गरम गाडीत, इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्येच बघितलीय. पार्कमध्ये या गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) भरत नाही, तिथलं माप धरून उपयोग नाही.

मला संशय फ्रंट क्लचचा (गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचपैकी पुढचा) आहे, कारण तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही त्याच्यावरच चालतात. रिव्हर्सला मागचा बँडही (आतला ड्रम आवळून धरणारा पट्टा) लागतो, पण लिव्हर १ वर ठेवून उतार उतरताना इंजिन ब्रेक छान लागतो, म्हणजे बँड धरतोय. यात काही चुकतंय असं वाटलं तर कृपया आधी तेच सांगा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता बदलीचं. २००१ च्या कमिन्स फोर बाय फोरमधून काढलेला ४७आरई मिळतोय. व्ही-१० पेट्रोलच्या मागेही ४७आरई येतो, पण त्याचं बेलहाउसिंग (इंजिनाला जोडलं जाणारं पुढचं कवच) वेगळं, म्हणून तो बघितलाच नाही. दुसरा पर्याय २००४ चा ४८आरई. आतून तो जास्त दणकट आहे, त्यामुळे मन तिकडे ओढतं. माझ्या गाडीच्या कॉम्प्युटरवर आणि थ्रॉटल केबलवर कुणी तो चालवलाय का? व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) माझीच ठेवली का? का सरळ आपलाच खोलून बांधावा?

गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरची सगळ्यात जास्त काळजी वाटते. क्लचची पूड आणि चुरा पुढच्या कूलरमध्येही असणार आणि इंजिनाच्या बाजूला जो आहे त्यातही. नवा गिअरबॉक्स बसवून तोच चुरा त्यात ढकलायचा नाहीये. पुढचा बदलणारच आहे. बाजूचा उलट्या दिशेनं फ्लश करून खरंच साफ होतो का, की तोही नवा घ्यावा?

कन्व्हर्टर जुना वापरणार नाही. तो गिअरबॉक्समध्ये हातानं फिरवत आत सरकवायचा, पंपाच्या खाचांत पूर्ण बसला की मगच बेलहाउसिंग इंजिनाला भिडवायचं, हे माहीत आहे. बोल्ट आवळून ओढून घेतला तर पंप फुटतो. बसल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनाची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टनं जोडतात) तुम्ही किती फट ठेवता? गव्हर्नर प्रेशरचा (गाडीच्या वेगानुसार बदलणारा ऑइलचा दाब) सोलेनॉइड आणि सेन्सर त्याच वेळी नवे टाकतोय. ऑइल एटीएफ+४.

शेवटचं, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आधी सुटा उतरवलात की गिअरबॉक्ससकट एकदम? काम जमिनीवर, ट्रान्समिशन जॅकवर करायचंय, लिफ्ट नाही. वजन बरंच आहे, म्हणून ज्यांनी स्वतः उतरवलाय त्यांचंच ऐकायचंय.