दुबईच्या इमारती चांगल्याच आहेत, पण रस्त्यावर सावली कुठे आहे?

वाटसरू

एप्रिलअखेरीस दुबई पाहून आलो. तिथली वास्तुकला म्हणजे नुसता पैशाचा देखावा, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बुर्ज खलिफा घ्या. ८२८ मीटर उंची सगळ्यांना पाठ असते, पण खरी करामत तिच्या आराखड्यात आहे. मधोमध षटकोनी गाभा, त्याला तीन बाजूंनी टेकू देणारे तीन पंख, आणि वर जाताना पंख टप्प्याटप्प्याने आखूड होत गेल्यामुळे वाऱ्याला कुठेही एकसारखा आकार सापडत नाही. हे काम मनापासून आवडलं.

तक्रार आहे ती दोन इमारतींच्या मधल्या जागेबद्दल. खाडीकाठच्या अल फहिदी वस्तीत, म्हणजे जुन्या बस्तकियात, भर दुपारीही चालवतं. इराणमधल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की एका घराची भिंत समोरच्या घरावर सावली धरते. भिंती पोवळ्याच्या दगडाच्या, छताला पूर्व आफ्रिकेतून आणलेले खारफुटीचे वासे. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद. वर चारही दिशांचा वारा पकडून खाली सोडणारे बरजील, म्हणजे वारा-मनोरे.

तिथून मेट्रोने शेख झायेद रोडला, म्हणजे टॉवरांच्या रांगांमधल्या रुंद महामार्गाला जा. वातानुकूलित पुलावरून खाली पाय ठेवला की वरून ऊन आणि समोरच्या काचेवरून परतलेलं ऊन. डोळ्यांसमोरच्या इमारतीत जायला टॅक्सी करावी लागते. सावलीचं शास्त्र ज्या शहराला ठाऊक होतं, त्याने ते रस्त्यावरून का काढून टाकलं?

एसीवाला_देरा

इमारती थंड ठेवणं हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून लिहितो. वाटसरू, तुम्ही एप्रिलमध्ये आलात. ऑगस्टमध्ये या. पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवेत समुद्राचा दमटपणा. बरजील हवा खेळवतो, तिच्यातली वाफ काढत नाही. म्हणून तर तेव्हाची ऐपत असलेली कुटुंबं उन्हाळ्यात खाडीकाठ सोडून ओअ‍ॅसिसकडे किंवा झावळ्यांच्या घरांत राहायला जात. आणि बरजील व्यापाऱ्यांच्याच वाड्यांवर असायचे, गरीब माणूस बाराही महिने झावळ्यांच्या झोपडीत.

१९६० च्या सुमाराला इथे साधारण ४० हजार माणसं होती. आज ३५ लाखांहून जास्त आहेत. त्यांना चिंचोळ्या गल्ल्यांत कसं बसवणार? आता मध्यवर्ती प्लांटमध्ये पाणी थंड होतं, काही ठिकाणी रात्रीच साठवून ठेवतात, आणि नळांनी इमारती-इमारतींत फिरतं. दाट, उंच वस्ती असेल तरच हे परवडतं. ही आजच्या काळाची वाळवंटी वास्तुकलाच आहे.

नकाशा_आणि_नजर

एसीवाला, बरजील परत आणा असं कुणीच म्हणत नाहीये. प्रश्न काचेचा आहे. जॉन हॅरिस या ब्रिटिश वास्तुविशारदाने दुबईचा पहिला नगर-आराखडा १९६० मध्ये केला आणि पुढे १९७९ चं वर्ल्ड ट्रेड सेंटरही त्याचंच. ३९ मजली, पण खिडक्या काँक्रीटच्या जाळीआड खोल घेतलेल्या, ऊन थेट काचेवर येतच नाही. म्हणजे पहिल्याच टॉवरला उत्तर सापडलं होतं! मग पुढच्यांनी सगळं अंग काचेने का मढवलं? शेजारच्या अबुधाबीत अल बहर टॉवर्सवर उन्हाप्रमाणे उघडमीट होणारी जाळी २०१२ मध्ये बसवली गेली. आधी ऊन आत घ्यायचं आणि मग प्लांट लावून ते बाहेर काढायचं, यात कसलं शहाणपण?

करामाकर

तुम्ही सगळे डाउनटाउनवरून, म्हणजे बुर्ज खलिफाच्या परिसरावरून शहराला गुण देताय, याचा राग येतो. करामा या जुन्या वस्तीत या. बुटक्या इमारती, खाली दुकानांची रांग, पुढे छप्पर असलेला पदपथ. संध्याकाळी पिठाच्या गिरणीपासून केशकर्तनालयापर्यंत सगळी कामं पायी होतात. कित्येक मराठी कुटुंबांचा पहिला संसार इथेच लागला. एक दिरहम देऊन अब्रातून, म्हणजे लाकडी होडीतून खाडी ओलांडली की पलीकडे देरा. सावली आहे, राहणाऱ्यांना ती माहीत आहे. पोस्टकार्डवर येत नाही म्हणून ती नाही असं होत नाही.

साइटवरचा

या सगळ्या इमारती ज्यांनी बांधल्या त्यांच्या सावलीचं काय? १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे, चांगला आहे. पण साडेतीनला ऊन उतरलेलं नसतं. आणि राहायची सोय शहराच्या कडेला, बसने ने-आण. कौतुक करताना हेही मोजा.

वाटसरू

साइटवरचा, तुमचा मुद्दा माझ्या प्रश्नाच्या पोटातलाच आहे. या शहरात उन्हात पायी चालतो तो मुख्यतः कामगार, म्हणूनच पदपथाकडे कुणी बघितलं नाही.

करामाकर, करामा आवडलाच. पण नवं बांधताना करामाचा नमुना किती ठिकाणी घेतला? बस्तकियाचा बराच भाग तर १९८० च्या दशकात पाडला गेला, उरलेला वाचवायला मोहीम करावी लागली. मला एवढंच हवं आहे की प्रत्येक नव्या टॉवरला तळमजल्यावर छप्पर असलेला पदपथ सक्तीचा व्हावा, आणि तो शेजारच्या पदपथाला जोडलेला असावा.

एसीवाला_देरा

सरकार झोपलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'दुबई वॉक' आराखडा जाहीर झाला, त्यात ११० पादचारी पूल आणि भुयारी मार्ग आहेत, वातानुकूलित उन्नत पदपथही आहे.

नकाशा_आणि_नजर

म्हणजे पुन्हा माणसाला जमिनीवरून उचलून पेटीत घालणार. पूल हवेतच, पण दुकानं, बसथांबे, झाडं खालीच असतात.

एसीवाला_देरा

छताचा पदपथ मला मान्य आहे. पण मध्ये एवढा रुंद रस्ता तसाच राहिला तर त्या सावलीतून चालत जायचं कुठे? आधी रस्ता ओलांडायची सोय होऊ द्या, तिला पेटी म्हणा हवं तर.