जरायुज, पिल्ले देणारी की व्यायलेली सापसुरळी?

येऊरवासी : ठाण्यातील आमच्या निसर्गमंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मी ऑस्ट्रेलियातील सायफॉस इक्वालिस या तीन बोटांच्या सापसुरळीवर टिपण लिहिले. त्यातील ‘जरायुज’ शब्द संपादकांनी खोडून ‘पिल्ले देणारी’ असे केले. अडचण अशी की, ही जात सिडनीच्या आसपास अंडी घालते, न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडील थंड डोंगराळ भागात पिल्ले देते, आणि २०१९ मध्ये नोंदवलेल्या एका मादीने तर एकाच गर्भारपणात आधी तीन अंडी घालून काही आठवड्यांनी एका जिवंत पिल्लाला जन्म दिला. तिला कोणता शब्द लावावा?

नेरुळकर : ‘जरायुज’ मुळीच काढू नये. संतवाङ्मयातील चार खाणींपैकी, म्हणजे जन्माच्या प्रकारांवरून केलेल्या जीवांच्या चार वर्गांपैकी, ‘जारज’ ती हीच. त्या रूपाला आज ‘अनौरस’ असा भलताच अर्थ चिकटला आहे, म्हणून तर मूळ शब्द जपायला हवा. घोणशीसाठी योजला जाणारा ‘अंडजरायुज’ इथे चालेल.

कळवेकर : चालणार नाही. अंडी पोटातच उबून पिल्ले बाहेर येतात, एवढेच तो शब्द सांगतो. या मादीची तर अंडीही बाहेर आली. शिवाय जरायू म्हणजे वार, आणि वार म्हटली की वाचकाला गायच आठवते.

येऊरवासी : जरायू म्हणजे गर्भाभोवतीचे वेष्टन, असे मी समजतो. डोंगराळ भागातील पिल्ले पातळ, पारदर्शक वेष्टनात गुंडाळलेलीच जन्मतात आणि मग ते फाडून बाहेर पडतात. म्हणून मला हा शब्द नेमका वाटला.

कळवेकर : तरीही तो शाळकरी मुलांच्या तोंडी बसणार नाही. माझी आजी ‘घोणस व्याली’ असेच म्हणत असे, आणि ‘विणे’ हे आपले घरचे क्रियापद असताना संस्कृताच्या दारी जाण्याचे कारण मला दिसत नाही.

नेरुळकर : विणे हे दूध पाजणाऱ्या जनावरांपुरतेच असते.

कळवेकर : मग केळ कशी विते?

येऊरवासी : केळीचा दाखला मान्य; पण ‘विणारी सापसुरळी’ असे छापले, तर मुलांना विणकामच आठवेल.

घणसोलीकर : मुळात ‘सापसुरळी’ तरी का? आमच्या घरी तिला ‘सापाची मावशी’ म्हणतात, आणि लांबुडक्या देहाच्या, अगदी आखूड पायांच्या या जातीला तेच नाव अधिक शोभेल.

नेरुळकर : त्याला माझा विरोध आहे. त्या नावामुळेच लोक या बिनविषारी जिवाला दिसताक्षणी मारतात.