‘येशू काश्मीरला येऊन शिकला’ या प्रश्नाला सामान्य विश्वासणाऱ्याने काय उत्तर द्यावे?

मोहरीचा दाणा (प्रश्न)
सर्वांना सलाम. मंडळीच्या तरुण संघात यंदा विश्वाससमर्थनाचा (श्रद्धेवरच्या प्रश्नांना उत्तर देण्याचा) अभ्यास घ्यायचा आहे. आमच्यात कोणी सेमिनरीत (पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत) गेलेलं नाही. बाहेर त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीबद्दल) क्वचितच कोणी विचारतं. ‘येशू बारा ते तीस या वयात भारतात होता, त्याची कबर श्रीनगरला आहे, हे तुमचे पाळक का सांगत नाहीत?’ हा प्रश्न मात्र ठरलेला. नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून भागत नाही. काय वाचावं, किती बोलावं?

बिरुयाकर
आधी गाठ सोडवा. या एका वाक्यात दोन दावे आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांचे आहेत. पहिला तरुणपणी भारतात शिकल्याचा, दुसरा वधस्तंभावरून वाचून काश्मीरला आल्याचा. बहुतेक जण इथेच घसरतात: विचारणारा पहिल्याबद्दल बोलतो आणि आपण पुनरुत्थानाचे (येशू मरणातून उठल्याचे) पुरावे देत सुटतो. म्हणून पहिलं वाक्य एवढंच असू द्या: ‘तुम्ही नेमकं कुठे वाचलंत?’ आणि उत्तर येईपर्यंत खरंच थांबा.

पहिला दावा निकोलाय नोटोविच या रशियन पत्रकाराचा. 1887 मध्ये तो लडाखला गेला आणि 1894 मध्ये त्याचं फ्रेंच पुस्तक आलं. पाय मोडल्याने लेहजवळच्या हेमिस मठात राहावं लागलं, तिथे लामाने ‘ईसा’चं, म्हणजे येशूचं, चरित्र वाचून दाखवलं, असं त्यात आहे. त्याच वर्षी मॅक्स म्युलर यांनी लेख लिहून दाखवलं की कंजूर आणि तंजूर या तिबेटी ग्रंथसंग्रहांच्या सूचींत असा ग्रंथच नाही. (हे तेच म्युलर, ज्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद छापला. त्यांना भारताचा आकस होता असं कोणी म्हणू शकत नाही.) 1895 मध्ये आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले आणि दुभाष्यामार्फत मुख्य लामांना एकेक प्रश्न विचारला. लामांनी सांगितलं की त्यांच्या 15 वर्षांच्या कारकिर्दीत पाय मोडलेला कोणी युरोपियन तिथे राहिला नाही आणि ईसाचं नाव असलेला ग्रंथ त्यांनी कधी ऐकलेलाही नाही.

शास्त्रातून मार्क 6:1-6 आणि लूक 4:16-22 शेजारी शेजारी ठेवून वाचा. येशूच्या गावचे, नासरेथचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखतात, भावांची नावं घेतात, बहिणी इथेच आहेत म्हणतात आणि मग ‘हे ज्ञान याला कुठून?’ म्हणून अडखळतात. अठरा वर्षं परदेशी शिकून आलेल्याबद्दल गाव असं बोलत नाही. तो तिकडे गेला होता, तिथे शिकला, असं लगेच म्हणालं असतं.

वाचनखूण
वरचं उत्तर पटलं, पण एक भर घालतो, नाहीतर समोरचा पाच मिनिटांत तुम्हाला अडवेल. ‘नोटोविचशिवाय कोणीच काही पाहिलं नाही’ असं म्हणू नका. रामकृष्ण परंपरेतले स्वामी अभेदानंद 1922 मध्ये हेमिसला गेले होते आणि ती पोथी आपल्याला दाखवली गेली असं त्यांनी लिहिलं आहे. हे आपणहून सांगा. मग दोन गोष्टी जोडा: तोवर नोटोविचचं पुस्तक जगभर फिरून 28 वर्षं झाली होती; आणि मूळ पोथी आजवर अभ्यासकांसमोर आलेली नाही, त्यामुळे तिचं वय, भाषा, लिपी काहीच तपासता येत नाही. ‘नोटोविच लडाखला गेलाच नाही’ हेही काही जण ठोकून देतात. तो तिथे गेला होता, याच्या खुणा आहेत. प्रश्न पोथीचा आहे, प्रवासाचा नाही.

खानयारची वाट
दुसरा दावा. श्रीनगरच्या खानयार भागातलं रोजाबल म्हणजे येशूची कबर, हे मत मिर्झा गुलाम अहमद यांनी 1899 च्या सुमारास मांडलं. ते अहमदिया पंथाचे संस्थापक. ‘मुसलमान असं मानतात’ असं कधीही म्हणू नका. बहुतेक मुसलमानांच्या श्रद्धेनुसार ईसाला वर उचलून घेतलं गेलं, कबरीचा प्रश्नच येत नाही. तुमच्या एका चुकीच्या वाक्याने अहमदिया आणि बाकीचे मुसलमान, दोघेही दुखावतात.

कबर ज्या यूज आसफची सांगतात, ते नाव अभ्यासण्यासारखं आहे. बोधिसत्त्वाची (ज्ञानप्राप्तीआधीच्या बुद्धाची) कथा पश्चिमेकडे गेली, अरबीत त्याचा ‘बुदासफ’ झाला. अरबी लिपीत ब खाली एक ठिपका, य खाली दोन. ठिपका चुकला की ‘यूदासफ’, आणि पुढे यूज आसफ. म्हणजे नाव मुळात बोधिसत्त्वाचं, येशूचं नाही. हीच कथा युरोपात जोसाफत नावाने पोचली आणि चर्चने त्याला संत मानलं! हेही सांगा. नावाच्या प्रवासात आपलीही मंडळी फसली होती, हे कबूल केलं की बोलणं वादाचं राहत नाही.

वधस्तंभावरच्या मृत्यूसाठी टॅसिटस पुरे: 116 च्या सुमाराचा रोमन इतिहासकार, ख्रिस्ती लोकांचा तिटकारा असलेला, तरी रोमन सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाला असं लिहितो. त्याच्याकडून पुनरुत्थान सिद्ध करू नका, तो त्याबद्दल बोलत नाही. तिथे 1 करिंथ 15:3-8 उघडायचं, उठलेला येशू कोणाकोणाला दिसला ते पौलाने तिथे लिहिलंय.

मोहरीचा दाणा
फार उपयोग झाला. पण ‘अठरा वर्षांबद्दल शुभवर्तमानं गप्प आहेत, मग तो आलाच नव्हता हे तरी कशावरून?’ यावर?

बिरुयाकर
‘खरं आहे, त्या वर्षांबद्दल शास्त्र जवळजवळ गप्प आहे’ असंच म्हणा. लूक 2:52 च्या एका वाक्यापलीकडे काही नाही. रिकाम्या जागेत कोणी काहीही भरू शकतं. म्हणून भरणाऱ्याने कागद दाखवायचा असतो.

तयारीसाठी प्रत्येकाने वहीत चार रकाने आखावेत: दावा काय, पहिल्यांदा कोणी केला, केव्हा, मूळ वस्तू आज कोणाला पाहता येते का. एका बैठकीत एकच दावा. मग दोघादोघांनी समोरासमोर बसून दोन मिनिटांत सांगायचं. त्याहून लांबलं तर काय गाळायचं ते तिथेच ठरवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथे माणूस चारचौघांत माघार घेत नाही.

आणि 1 पेत्र 3:15 पूर्ण पाठ करा. ‘उत्तर देण्यास सिद्ध असा’ सगळ्यांना येतं. पुढे सौम्यतेने द्या असं आहे. आपल्याकडे ‘येशू भारतात शिकला’ असं म्हणणारा बहुधा त्याला आपला मानायला बघतोय. नोटोविचला खोडताना ती आपुलकी खोडली जाऊ नये. ‘तुम्हाला येशू आवडतो, मग त्याचं बोलणं वाचलंय का?’ म्हणून मत्तयाचे 5 ते 7 अध्याय (येशूचं डोंगरावरचं प्रवचन) द्या, मराठीत, छापील.