किट विमानाची ड्रॉइंग वाचताना सुरुवात कुठून करावी? सल्ला हवा

शेपटीपासून_सुरुवात:
मंडळी, अ‍ॅल्युमिनियमच्या किट विमानाचा (सुटे भाग घेऊन आपणच जोडायचं विमान) शेपटीचा भाग हातात आलाय. सगळे सुटे भाग यादीशी ताडून झाले, आता आडवा स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा, स्थिर पंख) घ्यायचाय. अडतंय ते ड्रॉइंगपाशी. मशीनची ड्रॉइंग मला वाचता येतात, पण इथे एकाच पानावर तीन दृश्यं, दोन छेद, मोठा करून दाखवलेला एक कोपरा आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला अक्षरं-आकड्यांची माळ. रिबच्या (पंखाला आतून आकार देणाऱ्या पत्र्याच्या फासळीच्या) फ्लँजचं, म्हणजे दुमडलेल्या काठाचं, तोंड कुठल्या बाजूला, हेच नक्की होत नाही. तुम्ही कुठल्या क्रमाने वाचता? चूक पत्र्यावर उतरायच्या आत कशी पकडता?

उजवा_डावा:
सर्वांत आधी दिशा. बाकी सगळं नंतर.

पानावर दृश्यं मांडायच्या दोन पद्धती, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. अमेरिकी किटची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात. तुमचा हात फर्स्ट अँगलवर बसला असेल तर गोंधळ इथेच होतो. थर्ड अँगलमध्ये उजवीकडून दिसणारं दृश्य उजवीकडेच काढतात, फर्स्ट अँगलमध्ये ते डावीकडे जातं. कापलेल्या शंकूचं चिन्ह दिलेलं असेल तर त्यावरून खात्री करून घ्या.

डावं-उजवं नेहमी पुढे तोंड करून बसलेल्या वैमानिकाचं. भाग टेबलावर उलटा पडला म्हणून डावी रिब उजवी होत नाही. पानावरचे ‘पुढे’, ‘वर’, ‘विमानाच्या मध्याकडे’ असे बाण आधी शोधा आणि भाग हातात घेऊन त्याच दिशेने धरा. नुसतं बघून डोक्यात फिरवत बसू नका.

फ्लँजसाठी एक सोपी खूण आहे. रिबचा सपाट भाग समोरून काढला असेल तर कडेला समांतर जाणारी बारीक रेघ बघा. ती तुटक असेल तर फ्लँज तुमच्यापासून पलीकडे वळलाय, म्हणून त्याची आतली बाजू झाकली गेलीय. रेघ अखंड असेल तर फ्लँज तुमच्याकडे वळलाय. तरीही शंका उरली तर छेदाचं दृश्य बघा, पण छेदरेषेवरचे बाण कुठल्या दिशेने बघायला सांगतायत ते आधी पाहून.

आणखी एक. पुष्कळदा फक्त डावा भाग काढलेला असतो आणि उजव्याबद्दल ‘याच्या उलट’ एवढीच टीप असते. म्हणून डिंपल (रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवतीचा खळगा) पाडायच्या आधी दोन्ही रिबा आरशातल्यासारख्या समोरासमोर ठेवा. प्रत्येकीवर डावी/उजवी, वर, पुढे आणि डिंपल कुठल्या बाजूने, हे मार्करने लिहा. पेन्सिल अजिबात नको, ग्रॅफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं. ही दहा मिनिटं वाचवलीत तर दोन डाव्या रिबा तयार होतात आणि एक नवी मागवावी लागते.

रिव्हेटमोजणी:
वरच्या प्रतिसादाला +१. मी फक्त अक्षरांच्या माळेबद्दल लिहितो.

‘एएन४७०एडी४-४’ हा रिव्हेटचा (पत्रे जोडणाऱ्या, ठोकून पसरवायच्या खिळ्याचा) क्रमांक घ्या. ४७० म्हणजे वर राहणारं डोकं. ४२६ असेल तर १०० अंशांचं, पत्र्याच्या पातळीत बसणारं डोकं. एडी हा मिश्रधातू, याच्या डोक्यावर मधोमध बारीकसा खड्डा असतो, त्यावरून तो ओळखा. पुढचा ४ म्हणजे व्यास, इंचाच्या बत्तिसाव्या भागांत, म्हणजे १/८ इंच. शेवटचा ४ म्हणजे लांबी, सोळाव्या भागांत, म्हणजे १/४ इंच. ४७०ची लांबी डोकं सोडून मोजतात, ४२६ची डोक्यासकट.

आता ड्रॉइंगमधला आकडा स्वतः तपासा. ०.०३२ इंचाचे दोन पत्रे मिळून ०.०६४. रिव्हेट पलीकडे व्यासाच्या दीडपट बाहेर यायला हवा, म्हणजे ०.१८७५. बेरीज ०.२५१५, म्हणजे जवळपास १/४ इंच. लांबी जुळली. ती जुळली नाही तर बहुतेक वेळा मधला एखादा पत्रा तुमच्या नजरेतून सुटलेला असतो. म्हणून हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो: रिव्हेटच सांगतो की तिथे किती थर आहेत.

बोल्टचं वेगळं. ‘एएन३-५ए’ मध्ये ३ म्हणजे ३/१६ इंच व्यास, ५ म्हणजे साधारण ५/८ इंच लांबी, ए म्हणजे दांड्याला कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) भोक नाही. लांबीत ७ नंतर थेट १० येतो आणि तो एक इंचाचा. ८ आणि ९ शोधत बसू नका.

शेपटीपासून_सुरुवात:
दोघांचेही मनापासून आभार! तुटक रेघ धरून पाहिलं आणि फ्लँजचा प्रश्न सुटला. आता एक शंका: मागच्या स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईवर) काही भोकांपाशी त्रिकोणात आकडा आहे. आणि एका रिव्हेटच्या बाणापुढे ‘टिपिकल’ लिहिलंय, त्याचं काय करायचं?

उजवा_डावा:
त्रिकोणातला आकडा म्हणजे टीप. त्याच आकड्याची ओळ पानावरच्या टिपांत शोधा, ती फक्त खूण केलेल्या जागांना लागू. पुष्कळदा तिथे ‘ही भोकं आत्ता रिकामी ठेवा’ असं असतं, कारण पुढे बिजागरीचा ब्रॅकेट किंवा दुसरा पत्रा त्याच भोकांतून जोडायचा असतो. रिव्हेट मारायला बसण्याआधीच त्या भोकांवर चिकटपट्टी लावा. ‘टिपिकल’ म्हणजे तशाच दिसणाऱ्या बाकी जागांनाही तेच, जिथे वेगळं लिहिलंय त्या सोडून.

आणि छापील कागदावर पट्टी ठेवून माप घेऊ नका. लिहिलेलं माप तेवढं खरं.

रात्रपाळी_हँगर:
आधीच्या बांधणाऱ्यांचे फोटो जरूर बघा, मला त्यांचा खूप उपयोग होतो. पण ते विमान ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीवरून बांधलेलं असू शकतं. आपल्या पानावरचं आवृत्तीचं अक्षर आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरच्या दुरुस्त्या दोन्ही ताडून बघा. मजकूर एक सांगतोय आणि चित्र दुसरंच दाखवतंय असं झालं, तर भोक पाडू नका. पान क्रमांक, पायरी आणि फोटोसह उत्पादकाला लिहा, उत्तर येईपर्यंत दुसरा भाग हातात घ्या. आलेलं उत्तर बांधणीच्या नोंदवहीत चिकटवून ठेवा, पुढे तपासणीच्या वेळी ते दाखवता येतं.