डार्विन जयंतीची पायपीट: अंतराचं गणित कसं बसवायचं?

रानवाटा: १२ फेब्रुवारीला पुण्याजवळच्या माळावर २५ जणांना घेऊन चालायचंय. पृथ्वीची ४६० कोटी वर्षं वाटेवर कशी मांडावीत?

कातळ: १ मीटर म्हणजे १० लाख वर्षं धरा, ४.६ किमी होतात. डायनासोर संपतात शेवटून ६६ मीटरवर. आपल्या पायाखालचा बेसॉल्टही (लाव्हा थिजून झालेला काळा कातळ) साधारण त्याच सुमाराचा, म्हणून तिथे थांबून कातळ हाताळू द्याच. मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर चुकतं, तेव्हा शेवटचे १०० मीटर मोजपट्टीने आखा. आधुनिक माणसाची ३ लाख वर्षं म्हणजे जेमतेम ३० सेंटिमीटर, ती त्या चुकीत हरवतात.

उंबर: वाटेत उंबर लागला तर फळ फोडून १० पट भिंगाखाली धरा. आत फुलं आणि इवल्या गांधीलमाश्या, एकमेकांशिवाय दोघांचंही चालत नाही. रंग बदलू लागलेलं फळ घ्या. पूर्ण लाल झालेल्यातून माद्या बहुधा उडून गेलेल्या असतात.

रानवाटा: आणि मानवतावाद? डार्विन जयंती म्हणून त्याबद्दलही शेवटी बोलायचंय.

कातळ: शेवटच्या ३० सेंटिमीटरपाशी गोल करून संविधानाचं कलम ५१क (ज) मोठ्याने वाचा. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद तिथे शेजारीशेजारी आहेत. लांब भाषण नको. सकाळी ७ ला निघालात तर थांबे धरून दहाच्या आत आटपेल. माणशी २ लिटर पाणी ठेवा.